तलावावर पक्षी पाहायला जाताय? आधी हे वाचा

गोंदिया : थंडी पडली की जिल्ह्यातील तलावांवर दूरदेशीची बदके उतरतात. नवेगावबांध (ता. अर्जुनी मोरगाव) आणि परसवाडा (ता. गोंदिया) येथे ती पाहायला लोक जातात.

पाहुणे का येतात?
सायबेरिया, मध्य आशियात थंडीत तलाव गोठतात, खायला मिळत नाही. इकडे धानाला पाणी देऊन मामा तलाव उतरलेले असतात. काठाला उथळ पाणी, चिखल, पाणवनस्पती, किडे राहतात. बदकांना हेच पाहिजे.

सारस पाहुणा नाही
सारस बारमाही इथलाच. महाराष्ट्रात तो मुख्यतः गोंदिया जिल्ह्यातच उरला आहे. पावसाळ्यात धानाच्या बांधीतही घरटे करतो, बहुधा दोनच अंडी घालतो. अंडी उबवायला महिनाभर लागतो. माणसे सारखी जवळ गेली तर जोडी घरटे सोडू शकते. मग त्या वर्षीची पिल्ले गेलीच समजा.

काय पाळावे?
- सकाळी लवकर जा. मातकट कपडे घाला, डीजे नको.
- फोटोसाठी थवा उडवू नका. दर उड्डाणात चरबी जळते; परतीच्या प्रवासाला तीच कामी येते.
- जाळ्याचे तुकडे, प्लास्टिक काठावर टाकू नका. पक्ष्यांचे पाय अडकतात.
- सारसाच्या घरट्याचे ठिकाण व्हॉट्सॲपवर टाकू नका.
- बांधीत घरटे दिसले तर तेवढा तुकडा सोडून कामे करा, वन विभागाला कळवा.

शिकार किंवा अंडी चोरणे हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. असे काही दिसल्यास वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा.