पडद्यावरचा इतिहास – भाग ७ : वॉटर्लूचा चिखल

जालना जिल्ह्यातल्या असईला २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी झुंजलेला आर्थर वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि बारा वर्षांनी त्याने नेपोलियनला हरवले. तुमच्या हातून झालेली सर्वांत चांगली लढाई कोणती, असे त्याला पुढे विचारले, तेव्हा त्याने असईचे नाव घेतले. शिंद्यांच्या गोलंदाजांनी आणि कवायती पलटणींनी त्या दिवशी त्याची मेलेली-जखमी मिळून दीड हजारांवर माणसे पाडली होती. वॉटर्लूला तोफगोळे कोसळत असताना हा माणूस इतका शांत कसा राहतो, याचे अर्धे उत्तर आपल्याच मातीत आहे. म्हणून या आठवड्याची माझी शिफारस आहे १९७० सालचा ‘वॉटर्लू’.

दिग्दर्शक सर्गेई बोंदार्चुकच्या ‘वॉर अँड पीस’चे नाव सिनेरसिक आदराने घेतात, याचे मात्र फारसे कोणी घेत नाही. तिकीटबारीवर तो पडला. स्टॅनली कुब्रिकचा नेपोलियनवरचा चित्रपट बारगळला, त्यामागे हे अपयशही एक कारण मानले जाते.

चित्रीकरण युक्रेनमध्ये, उझहोरोदजवळ झाले. बुलडोझर लावून टेकड्या हव्या तशा करून घेतल्या, रस्ते बांधले, शेते पेरली आणि चिखल व्हावा म्हणून जमिनीखालून पाण्याचे नळ टाकले. सोव्हिएत सैन्यातले सुमारे पंधरा हजार शिपाई आणि दोन हजार घोडेस्वार गणवेश चढवून मैदानात उभे राहिले. त्या काळी संगणकावर गर्दी वाढवण्याची सोय नव्हती. पडद्यावर दूरवर हलणारा प्रत्येक ठिपका म्हणजे उन्हात उभा राहिलेला एक माणूस आहे.

चिखलाचा एवढा खटाटोप कशासाठी, तर आदल्या रात्रीच्या पावसाने नेपोलियनला लढाई लांबवावी लागली होती. ओल्या जमिनीत तोफा ओढणे कठीण, आणि गोळा टप्पा घेत पुढे जाण्याऐवजी रुतून बसतो. दरम्यान वेलिंग्टनच्या मदतीला निघालेली ब्लूशरची प्रशियन फौज जवळ येत राहिली. सकाळच्या या वाट पाहण्यातच चित्रपटाचा ताण आहे.

दुपारी नेपोलियनचा सेनानी मार्शल ने याला वाटते की इंग्रज मागे सरकताहेत, आणि तो घोडदळ सोडतो. सोबत पायदळ घेत नाही. टेकडी चढून घोडे माथ्यावर येतात, तर समोर पायदळाचे चौकोन : चारही बाजूंना बाहेर रोखलेल्या संगिनी, आत राखीव माणसे. संगिनींच्या भिंतीवर घोडा अंग टाकत नाही, तो बाजूने वळतो. हे पुस्तकात वाचून मला कधी नीट कळले नव्हते. इथे कॅमेरा आकाशात चढतो आणि हिरव्या माळावर चौकोनांचा पट दिसतो. त्यांच्यामधून घोडदळ पुराच्या पाण्यासारखे वळसे घेत फिरत राहते. सगळी चूक एका दृष्टिक्षेपात उमगते. युद्धपटांत याहून स्पष्ट आणि याहून भयंकर दृश्य मी पाहिलेले नाही.

रॉड स्टायगरचा नेपोलियन काहींना फार आरडाओरडा करणारा वाटतो. मला तो पटतो. पोटदुखीने वाकलेला, घामेजलेला, आपले शरीर आपले ऐकेनासे झाले म्हणून चिडलेला. ख्रिस्तोफर प्लमरचा वेलिंग्टन त्याच्या समोर ताठ आणि कोरडा. प्रशियनांच्या वाट्याला मात्र फारच थोडा वेळ आला आहे, आणि ती उणीव खरी आहे. त्यांच्याविना तो दिवस इंग्रजांच्या हाती लागला नसता.

चौकोनांच्या त्या गदारोळात एक कोवळा इंग्रज शिपाई रांग मोडून बाहेर धावतो आणि आपण एकमेकांना का मारतो आहोत, असे ओरडून विचारतो. मोबाइलवर हा चित्रपट पाहू नका. घरातला सर्वांत मोठा पडदा शोधा, आणि त्या पोराकडे नीट बघा. त्याच्या भोवतीचे घोडे थांबत नाहीत.