अनुकरण कशाचे?

साताऱ्याच्या तेव्हाच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, ७ नोव्हेंबर १९०० रोजी इंग्रजी पहिलीच्या वर्गात एक नाव दाखल झाले : भिवा रामजी आंबेडकर. रजिस्टरचा क्रमांक १९१४. महाराष्ट्र शासनाने २०१७ साली हा दिवस विद्यार्थी दिन म्हणून जाहीर केला. आमच्या कॉलेजातही तो होतो. हार, दोन भाषणे, चहा. दरवर्षी एखादा विद्यार्थी मला विचारतोच, ‘सर, असं मोठं नेतृत्व घडतं कसं?’ या प्रश्नाला मी बरीच वर्षे पुस्तकी उत्तर देत आलो. आज जरा वेगळे लिहितो.

पुढाऱ्यांची आमच्या भागात वाण नाही. सातारा आणि सांगली, १९४९ पर्यंत हा एकच जिल्हा. कारखाना, बँक, दूध संघ, सगळीकडे पुढारी. लोक त्यांना वाकतात, त्यांच्या गाडीमागे धावतात. पण त्यांच्यासारखे व्हावे असे ज्याला वाटते, त्याला बहुधा त्यांची खुर्ची हवी असते. माणूस हवा असतो असे नाही.

बाबासाहेबांचे तसे नाही. आपल्या आठवणींत त्यांनी साताऱ्याचे दिवस लिहिले आहेत. वर्गात स्वतःचे गोणपाट वेगळे. तहान लागली तर शिपायाने नळ सोडायचा. शिपाई नसला तर पाणी नाही. १९०१ साली ही भावंडे खटाव तालुक्यात नोकरीला असलेल्या वडिलांकडे निघाली आणि मसूर स्टेशनावर उतरली. अंगावर नवे कपडे. स्टेशनमास्तराने आधी प्रेमाने चौकशी केली आणि जात कळताच त्याचा चेहरा बदलला. कोणी गाडीवान नेईना. शेवटी दुप्पट भाडे घेऊन एक जण तयार झाला, तेही पोरांनी स्वतः गाडी हाकायची आणि त्याने बाजूने चालायचे, या अटीवर. मसूर माझ्या रोजच्या ओळखीचे स्टेशन आहे. वर्गात हे सांगताना माझा आवाज अजून बदलतो.

अनुकरणाची इच्छा मला इथे जन्मलेली दिसते. हा माणूस आपल्यातला आहे, आपण गिळलेला अपमान त्याने गिळलेला आहे, ही पहिली खूण. दुसरी खूण अशी की तो ज्या वाटेने वर गेला ती वाट, म्हणजे अभ्यास, आपल्यालाही दिसते. त्याची झेप आपली नसेल. पण पुस्तक उघडणे तर आपल्या हातात आहे. राजघराण्यातल्या माणसाचे कौतुक होते, अनुकरण होत नाही, कारण त्याच्या घरी जन्म घेता येत नाही.

काही विद्वान आमच्या पोरांच्या निळ्या कोटाची चेष्टा करतात. ती मला मान्य नाही. ज्यांच्या बापजाद्यांना धड धोतर नेसू दिले नाही, त्यांच्या नातवाने कोट घातला तर तोही इतिहास आहे. मात्र कोटावर थांबणे वेगळे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी बजावले होते की राजकारणातली भक्ती अधःपाताकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. भक्ताला फक्त वाकायचे असते. अनुकरण करणाऱ्याला कष्ट पडतात.

कर्मवीर भाऊराव पाटलांचे उदाहरण इथे फार उपयोगी आहे. त्यांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ साली ती साताऱ्यात आणली. वसतिगृहात सगळ्या जातींची पोरे एकत्र राहत, एकत्र जेवत. पैसा संपला तेव्हा लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. भाऊरावांची दाढी आणि खादी सर्वांना ठाऊक आहे. पण तिथून शिकून गेलेल्यांनी दाढी उचलली नाही. त्यांनी कमवा आणि शिका उचलले, आडगावात मास्तर झाले, पुन्हा पोरे गोळा केली. संस्थेचे चिन्ह वडाचे झाड आहे, ते उगीच नाही. आणि शाळेत जेमतेम दीड दिवस बसलेल्या वाटेगावच्या अण्णाभाऊ साठ्यांनी ‘फकिरा’ बाबासाहेबांच्या झुंझार लेखणीला अर्पण केली. लेखणीलाच का, हे ज्याने त्याने पाहावे.

आता माझे. माझे गाव वाळवा तालुक्यात. वडील कारखान्याच्या उसाची भरणी करायचे. घरातला मी पहिला पदवीधर, आणि आता साताऱ्यात प्राध्यापक. एका जयंतीला गावी मला स्टेजवर बसवले होते. आमच्याच वाड्यातला एक बी. ए.चा मुलगा बोलायला उभा राहिला. हात पाठीमागे, चष्मा बोटाने वर सारायचा, वाक्याच्या शेवटी थांबायचे. हुबेहूब मी! लोक हसले, मीही सुखावलो. नंतर त्याला बाजूला घेऊन विचारले, ‘पुढं काय करणार?’

‘तुमच्यावानीच, दादा. नेट-सेट करायची, साताऱ्यात फ्लॅट घ्यायचा.’

‘आणि वाड्याचं?’

‘तुम्ही तरी कुठं ऱ्हायला आलाय?’

त्याच्या बोलण्यात कुचकटपणा नव्हता. त्याने मला नीट पाहिले होते, एवढेच. मी भाषणात जे सांगत होतो ते त्याने ऐकले नव्हते. मी जसा जगत होतो ते मात्र बिनचूक घेतले होते. शिकलेल्यांनी मला धोका दिला, ही बाबासाहेबांची १८ मार्च १९५६ ची आग्ऱ्यातली खंत मी कितीदा तरी दुसऱ्यांना ऐकवली आहे. त्या रात्री परतताना एस. टी.त ती पहिल्यांदा माझ्या वाट्याला आली.

गेल्या जूनपासून मी दर शनिवारी दुपारच्या गाडीने गावी जातो. समाजमंदिरात दहावीच्या पोरांचे इंग्रजी घेतो. पहिल्या शनिवारी चार पोरे होती, आता अकरा आहेत, त्यांत मुली सात. तो बी. ए.चा मुलगा अजून आलेला नाही. त्याने धाकट्या भावाकडून निरोप धाडला आहे : सर किती शनिवार येत्यात ते बघतो, मग मी गणित घेईन.