हा कर्क तोच का?

'स्टार ट्रेक' ही अमेरिकन मालिका आठवतेय ना? एंटरप्राइझ यान पाच वर्षांच्या मोहिमेवर निघालं होतं. मालिका मात्र १९६९ मध्ये, तिसऱ्याच वर्षी बंद पडली. मोहिमेचं शेवटचं वर्ष २०१९ पासून 'इयर फाइव्ह' या कॉमिकनं सांगितलं. नट नाहीत, आवाज नाही. मग हा कॅप्टन कर्क तोच, असं आपण कशावरून म्हणायचं?

चेहऱ्यावरून? १९६७ च्या कॉमिक्सचे इटालियन चित्रकार मालिका न पाहता, फोटोंवरून चेहरे काढत. चेहरे जमले, पण यानाच्या इंजिनांतून चक्क आगीचे लोळ!

आपण लॉककडे जाऊ. तो म्हणतो, माणूस तोच राहतो तो स्मृतीमुळे. १९६८ च्या एका भागात थोलियनांनी हे यान जाळ्यात अडकवलं होतं. 'इयर फाइव्ह'मध्ये कर्क त्याच थोलियनांचं एक पोर यानावर घेतो. आम्हाला तरी हा तोच कर्क वाटतो. ते जाळं विसरलेला कर्क असता, तर या प्रसंगात जोखीमच उरली नसती.