'काश'मागचा काळ : अझरबैजानी भाषकांची इंग्रजीतील इच्छा

अझरबैजानी ही तुर्की कुळातील, धातूला एकामागून एक प्रत्यय जोडत जाणारी भाषा असल्याने, इंग्रजी जे तीन-चार सुट्या शब्दांत सांगते ते तिथे एकाच क्रियापदात मावते.

उदाहरणार्थ, 'काश बिल्सॅय्दिम' यातील 'काश' हा फारसीतून आलेला, हिंदीमुळे मराठी कानांनाही ओळखीचा उद्गार असून, 'बिल्' म्हणजे जाणणे या धातूला अटीचा 'सॅ', भूतकाळाचा 'य्दि' आणि 'मी' दर्शवणारा 'म' लागलेला आहे.

अडचण अशी, की हे रूप 'आत्ता माहीत असतं तर' आणि 'तेव्हा माहीत असतं तर' या दोन्ही अर्थांनी चालते (मराठीचेही तेच आहे), मात्र इंग्रजीत पहिल्यासाठी 'आय विश आय न्यू' आणि दुसऱ्यासाठी 'आय विश आय हॅड नोन' अशी निवड करावीच लागते. इथला 'न्यू' भूतकाळ सांगत नाही, तो वास्तवापासूनचे अंतर सांगतो. हे आधी उलगडले नाही, तर उरते ती निव्वळ घोकंपट्टी.

पसंतीसाठी अझरबैजानीत 'चहा कॉफीहून वरचढ धरणे' अशी रचना असते आणि तिच्यातील पंचमीचा 'दॅन' हा प्रत्यय, निव्वळ योगायोगाने, इंग्रजी 'दॅन'सारखाच ऐकू येत असल्याने 'प्रिफर'नंतर 'टू'च्या जागी तो सहज घुसतो.

पश्चात्तापाबाबत एवढेच, की 'रिग्रेट टेलिंग' म्हणजे सांगून बसल्याची खंत, तर 'रिग्रेट टू टेल' म्हणजे वाईट बातमी देण्यापूर्वीची दिलगिरी.

शंका असल्यास वाचकांनी उदाहरणासह जरूर विचाराव्यात.