यूट्यूब चालतंय, मग सातबारा का उघडत नाही?

सांगलीच्या मार्केट यार्डात वीस तारखेच्या संध्याकाळी जीएसटीचं विवरणपत्र भरायला बसलेला हळदीचा व्यापारी घ्या, नाहीतर साताऱ्याजवळच्या एखाद्या गावात पीककर्जासाठी सातबारा काढायला बसलेला शेतकरी. दोघांची तक्रार एकच: नेट आहे, पण साइट उघडत नाही. नेट असल्याचा पुरावा म्हणून लगेच मोबाइलवर यूट्यूब लावून दाखवलं जातं. हा पुरावा कच्चा आहे. एक तर संगणक ब्रॉडबँडवर आणि मोबाइल स्वतःच्या सिमवर, असं बऱ्याचदा असतं. म्हणजे तपासणी भलत्याच नेटची झाली.

दोन्ही एकाच वायफायवर असले तरी शंका उरतेच. जे व्हिडिओ खूप पाहिले जातात, त्यांच्या प्रती गूगल नेट पुरवणाऱ्या कंपन्यांच्या जाळ्यातच सर्व्हर बसवून ठेवते. त्यामुळे व्हिडिओ बहुधा जवळूनच येतो. व्हॉट्सअ‍ॅपचा निरोप तर इतका छोटा, की तो अर्धा मिनिट अडखळला तरी कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणजे यूट्यूब चाललं, तर तुमची वायर, राउटर आणि कंपनीचं जवळचं जाळं ठीक आहे एवढंच कळलं. सातबाऱ्याचा सर्व्हर त्याच्या बराच पुढे आहे.

आता एखादी साइट उघडताना काय होतं ते सावकाश पाहू. उदाहरणाला वाईच्या मराठी विश्वकोशाची साइट घेऊ. तुम्ही नाव टाइप करता, पण यंत्रांना नाव कळत नाही, आकडी पत्ता लागतो. तो शोधून देणारी व्यवस्था म्हणजे डीएनएस. पॉल मोकापेट्रिस यांनी 1983 मध्ये तिची मांडणी केली. पत्ता मिळाला की तुमचा संगणक त्या सर्व्हरला हाक देतो. सर्व्हरने ओ दिली की तो आपलं प्रमाणपत्र दाखवतो, ते पटलं की कुलूपबंद संभाषण सुरू होतं, आणि त्यानंतर पान यायला लागतं. यातल्या कुठल्याही टप्प्यावर गाडी अडकू शकते. कुठे अडकली, हे ब्राउझर बहुतेक वेळा सांगतो. आपण तो संदेश न वाचताच राउटरचं बटण बंद-चालू करायला धावतो.

संदेशात डीएनएस ही अक्षरं असतील, तर पत्ताच सापडलेला नाही. टाइम्ड आउट असेल, तर हाक दिली पण उत्तर आलं नाही. कनेक्शन प्रायव्हेट नाही असं लाल अक्षरांत आलं, तर प्रमाणपत्रावर घोडं अडलंय. 502, 503 किंवा 504 हा आकडा दिसला, तर दोष बहुधा पलीकडचा, चहा घ्या.

राउटरला हात लावण्याआधी एक तपासणी करा. वायफाय बंद करून तीच साइट दुसऱ्या कंपनीच्या मोबाइल नेटवर उघडून पाहा. तिथेही उघडली नाही, तर अडचण बहुतेक साइटकडेच आहे. तिथे उघडली, तर तुमचं यंत्र किंवा तुमची नेट कंपनी यांतच कुठेतरी गोम आहे. मग मोबाइलचा हॉटस्पॉट त्याच संगणकाला जोडा: आता चाललं तर संगणक निर्दोष.

डीएनएसचा दोष काढणं सगळ्यात सोपं. कंपनीचा डीएनएस सर्व्हर मंदावला असेल, तर नेटवर्कच्या सेटिंगमध्ये गूगलचा 8.8.8.8 किंवा क्लाउडफ्लेअरचा 1.1.1.1 घालून पाहावा. साइटने घर बदललं असेल, तर संगणक जुनाच पत्ता लक्षात धरून बसतो; विंडोजमध्ये कमांडच्या काळ्या खिडकीत आयपीकॉन्फिग, मग मोकळी जागा, तिरकी रेघ आणि फ्लशडीएनएस असं इंग्रजीत लिहिलं की तो विसरतो. अँड्रॉइड फोनमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ नावाची एक जागा असते. जाहिराती बंद करण्यासाठी कुणीतरी तिथे काहीतरी भरून ठेवलेलं असतं आणि नंतर घरात ते कुणालाच आठवत नाही. ती आधी पाहा.

प्रमाणपत्राची भानगड जुन्या संगणकांवर जास्त. मदरबोर्डवर सीआर2032 नावाचा बटणाएवढा सेल असतो, वीज नसताना घड्याळ त्यावर चालतं. तो संपला की प्रत्येक भारनियमनानंतर संगणक काही वर्षं मागे जातो, आणि त्याच्या लेखी आजची प्रमाणपत्रं अजून सुरूच झालेली नसतात. तारीख दुरुस्त करा, सेल बदला. किरकोळ खर्चाचं काम आहे. विंडोज 7 अजून अनेक दुकानांत नांदतंय. त्यावर क्रोमची 109 ही 2023 सालची आवृत्ती शेवटची, त्यामुळे नव्या साइट तिथे हळूहळू रुसत जाणार. तारीख बरोबर असूनही बँकेच्या साइटवर ही लाल सूचना आली, तर ‘तरीही पुढे जा’ हे बटण दाबू नका. बाकी सगळं चुकलं तर वेळ जातो, इथे पैसे जातात.

आता जरा अवघड दुखणं. पत्ता मिळतो, सर्व्हर ओ देतो, तरी पान पांढरं ते पांढरंच. किंवा फॉर्म भरला जातो, पण फोटो अपलोड होताना चकरी फिरत राहते. तेही ठरावीक साइटवरच. युजरनेम-पासवर्ड घालून राउटर जोडावा लागतो, अशा ब्रॉडबँडवर हे होऊ शकतं. नेटवरची माहिती पुडक्यांनी जाते आणि एक पुडकं सहसा जास्तीत जास्त 1500 बाइटचं असतं. या प्रकारच्या जोडणीत, म्हणजे पीपीपीओईमध्ये, 8 बाइट जोडणीच्याच शिक्क्याला लागतात, उरतात 1492. मोठं पुडकं आलं तर वाटेतल्या यंत्राने ‘हे मावत नाही, लहान कर’ असा निरोप उलट पाठवायचा असतो. काही साइटच्या फायरवॉल सुरक्षेच्या नावाखाली तो निरोपच गिळतात. मग सर्व्हर तेच मोठं पुडकं पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. सुरुवातीची बोलाचाली छोट्या पुडक्यांत होते, म्हणून ती निर्विघ्न पार पडते आणि आपण चकतो. चांगला राउटर हे आपणहून सांभाळतो. तसं होत नसेल तर त्याच्या सेटिंगमध्ये एमटीयू, म्हणजे पुडक्याची कमाल मर्यादा, 1492 करावी.

व्हीपीएन चालू राहिलाय का, हेही पाहा. काही सरकारी साइट परदेशातून आलेली हाक घेतच नाहीत. मिरजेत बसून सिंगापूरचा व्हीपीएन लावला, तर तुम्ही त्यांच्या दृष्टीने सिंगापूरलाच आहात. शिवाय अनेक कंपन्या शेकडो ग्राहकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात. त्यातल्या एखाद्याच्या संगणकाने उपद्व्याप केले, तर साइट सगळ्यांनाच संशयित ठरवते. कधी साइट सरकारी आदेशाने बंद केलेली असते. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरची साइट 2022 मध्ये फेब्रुवारीच्या सुमारास भारतात उघडेनाशी झाली, ती नोव्हेंबरमध्ये पुन्हा सुरू झाली. लाखो संगणकांवर हा प्लेअर आहे, तरी अनेकांना आपलंच नेट बिघडलं असं वाटत होतं.

आणि सर्व्हर खरोखर बंदही पडतात. 4 ऑक्टोबर 2021 च्या रात्री नऊच्या सुमारास फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप एकदम गेले. फेसबुकच्याच एका चुकीच्या बदलाने त्यांच्या सर्व्हरपर्यंतच्या वाटा नेटच्या नकाशावरून पुसल्या गेल्या होत्या. ते ठीक व्हायला साधारण सहा तास लागले. तोवर आपल्याकडे किती फोन बंद-चालू झाले असतील! जीएसटीच्या वीस तारखेची गर्दी त्यामानाने साधी: रात्री उशिरा किंवा पहाटे प्रयत्न करावा, आणि पैसे भरताना पान अडकलं तर पुन्हा भरण्याआधी बँकेचं खातं पाहावं.

एवढं करूनही सुटलं नाही, तर कंपनीला फोन. ‘नेट स्लो आहे’ म्हणालात, तर पलीकडून राउटर बंद-चालू करायला सांगणार हे ठरलेलं. त्याऐवजी साइटचं नाव, संदेशातले शब्द, वेळ, दुसऱ्या कंपनीच्या नेटवर उघडते की नाही, आणि डीएनएस बदलून काय झालं, हे सांगा. गल्लीतल्या केबलवाल्याकडून जोडणी घेतली असेल तर हे व्हॉट्सअ‍ॅपवर फोटोसह पाठवा. मग खांबावर माणूस चढवण्याऐवजी तो ते थेट वरच्या कंपनीकडे पुढे पाठवू शकतो.