वर्षाला 0.4 मिलिमीटर

अमेरिकेतल्या यूटा राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात झायन राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे व्हर्जिन नदीच्या दोन्ही अंगांना तांबड्या वालुकाश्माचे सरळसोट कडे उभे आहेत. या खडकाला नॅव्हाहो वालुकाश्म म्हणतात. त्याची जाडी काही ठिकाणी 670 मीटरपर्यंत जाते आणि वय आहे 18 ते 19 कोटी वर्षं. आपल्या सह्याद्रीचा लाव्हा 6.6 कोटी वर्षांपूर्वी वर आला, तेव्हा हा खडक 11-12 कोटी वर्षं जुना झाला होता.

ही मुळात वाळवंटातली वाळू. आजच्या यूटा, अ‍ॅरिझोना, नेवाडा, कोलोरॅडो, वायोमिंग या राज्यांवर तेव्हा वाळूच्या टेकड्या सरकत होत्या. या वाळूत झिरकॉनचे बारीक स्फटिक मिसळलेले असतात आणि त्यांतल्या युरेनियमवरून त्यांचं वय काढता येतं. अ‍ॅरिझोना विद्यापीठातल्या विल्यम डिकिन्सन आणि जॉर्ज गेरेल्स यांनी 2003 मध्ये मांडलेला निष्कर्ष चक्रावून टाकणारा होता. यांतले बरेच स्फटिक शंभर-सव्वाशे कोटी वर्षांपूर्वीचे निघाले आणि त्यांचा मेळ बसला तो खंडाच्या पार पूर्वेकडच्या अ‍ॅपलेशियन डोंगरांशी. म्हणजे महानद्यांनी ही वाळू हजारो किलोमीटर पश्चिमेला वाहून आणली आणि मग वाऱ्याने ती दक्षिणेकडे ढकलली.

आता थोडा हिशोब. हा थर साचायला साधारण 1 कोटी वर्षं लागली असं मानतात. 670 मीटरला 1 कोटीने भागलं की वर्षाला 0.067 मिलिमीटर येतात. वाळूचा कण धरला 0.2 मिलिमीटरचा, तर एका कणाएवढी जाडी चढायला तीन वर्षं! हा आकडा ऐकला की डोळ्यांपुढे अतिशय संथ, शिस्तशीर असं काम उभं राहतं.

कडा मात्र वेगळंच सांगतो. उद्यानाच्या पूर्व दाराजवळ चेकरबोर्ड मेसा नावाचा डोंगर आहे. त्याच्या अंगावर तिरक्या रेघांचे जुडगेच्या जुडगे दिसतात. एक जुडगा एका दिशेला कललेला, वरून सपाट कापल्यासारखा, त्यावर पुन्हा नवा जुडगा. वारा टेकडीच्या माथ्यावरून वाळू पलीकडे टाकत राहतो. उतार 34 अंशांच्या आसपास गेला की तो वाळूला पेलवत नाही आणि थर घसरतो. यातल्या कित्येक रेघा म्हणजे अशीच एकेक घसरण, काही क्षणांत उरकलेली. पुढे वाऱ्यानेच टेकडीचा माथा खरवडून नेला, तळ तेवढा शिल्लक राहिला. तीन वर्षांना एक कण ही चाल एकाही टेकडीने कधी पाळलेली नाही.

नदीचंही तेच. गेल्या दहा लाख वर्षांत व्हर्जिन नदीने आपलं पात्र सुमारे 400 मीटर खोल नेलं. वर्षाला 0.4 मिलिमीटर. वाळू साचण्याच्या सहापट वेगाने नदी ती कापते आहे. ‘नॅरोज’ नावाच्या घळीत तर दोन्ही भिंती 300 मीटर उंच आणि मधली वाट काही ठिकाणी जेमतेम सहा-सात मीटर रुंद. पण एरवी या नदीत सेकंदाला सरासरी तीन घनमीटर पाणी वाहतं, गुडघाभर पाण्यातून लोक चालत जातात. तेवढ्याने कडे कापले जात नाहीत. 6 डिसेंबर 1966 ला हाच प्रवाह 260 घनमीटरच्या घरात गेला होता. वर्षाकाठी वाहून जाणारा सुमारे दहा लाख टन गाळ मुख्यतः अशा पुरांचा. खडकाला घासणारे धोंडे हलतात तेही तेव्हाच.

सगळ्यात मोठा धक्का या दरीच्या सपाट तळाखाली आहे. सुमारे 4,800 वर्षांपूर्वी सेंटिनल नावाच्या शिखराची बाजू ढासळली. यूटा विद्यापीठाच्या संशोधकांनी दरीतल्या धोंड्यांचं वय काढून आणि ढिगाऱ्याचं मोजमाप करून 2016 मध्ये आकडा दिला: 28.6 कोटी घनमीटर. धरणांच्या भाषेत दहा टीएमसी. पुण्याजवळचं पानशेत काठोकाठ भरलं की जेवढं पाणी होतं, जवळपास तेवढा दगड मिनिटभरात दरी ओलांडून समोरच्या भिंतीवर आदळला. नदी अडली, तिचं तळं झालं, ते सुमारे 700 वर्षं टिकलं आणि गाळाने भरलं. आज पर्यटकांची बस जिथून निवांत जाते, तो सपाट तळ म्हणजे त्या तळ्याचा गाळ. तो ढिगारा अजूनही थाऱ्यावर नाही. एप्रिल 1995 मध्ये त्याचा एक भाग सरकला, नदी वळली आणि दरीतून बाहेर पडायच्या एकुलत्या एका रस्त्याचा 180 मीटर तुकडा घेऊन गेली.

खऱ्या अर्थाने संथ आहे ते खडकात मुरणारं पाणी. पठारावर पडलेला पाऊस वालुकाश्मातून झिरपत खाली उतरतो. खालचा कायेंटा नावाचा चिखलखडक त्याला वाट देत नाही, म्हणून तो कड्यातून आडवा बाहेर पडतो. ‘वीपिंग रॉक’पाशी ठिबकणारं पाणी हजार-बाराशे वर्षांपूर्वीचं किंवा त्याहूनही जुनं आहे. वेरूळचं कैलास लेणं तुलनेने नवं होतं, तेव्हाचा हा पाऊस. पण त्याचाही शेवट धडाक्याचाच. ओल आणि नदी मिळून खालचा मऊ थर पोखरतात, वरचा कडा अधांतरी राहतो आणि एक दिवस सुटतो. भिंती इतक्या उभ्या राहतात त्या यामुळे.

म्हणून उद्यानाचे रखवालदार 0.4 मिलिमीटरकडे बघत बसत नाहीत. त्यांचं लक्ष नदीच्या प्रवाहमापकावर असतं. आकडा सेकंदाला 150 घनफुटांच्या, म्हणजे साधारण सव्वाचार घनमीटरच्या वर गेला की नॅरोजची वाट बंद. लाखो वर्षांची सरासरी पुस्तकात ठीक आहे, घळीत पाऊल टाकणाऱ्याला त्या तासाचा आकडा माहीत हवा.