पाच सोंगांखालचा एक माणूस : प्रभाकर पणशीकरांच्या भूमिका

आमच्या वसईतल्या वटारच्या पट्ट्यात माणूस तोंड उघडतो तोच त्याचा गाव कळतो. वाडवळी, कादोडी, आगरी, कोळी अशा बोली इथे वाडीगणिक बदलतात आणि जत्रेतल्या किंवा गणपतीतल्या हौशी नाटकात कुणी दुसऱ्याची बोली खोटी बोलला, तर पहिल्या रांगेतली आजीसुद्धा त्याला पकडते. अशा कानांनी प्रभाकर पणशीकर ऊर्फ पंतांकडे पाहिलं, म्हणजे त्यांच्या अष्टपैलुत्वाची एरवी होते त्याहून वेगळी बाजू दिसते. ‘तो मी नव्हेच’चं कौतुक आपण पाच वेष आणि झटपट रंगभूषा यांवर संपवतो. पंतांची खरी कमाई त्या वेषांच्या खाली होती.

आचार्य अत्र्यांचं हे नाटक मो. ग. रांगणेकरांच्या दिग्दर्शनाखाली ८ ऑक्टोबर १९६२ रोजी दिल्लीत प्रथम उभं राहिलं. माधव काझी या भामट्याचं गाजलेलं प्रकरण त्याच्या मुळाशी होतं. फिरता रंगमंच हे त्या काळी मोठंच नवल. समोर न्यायालय, मंच फिरला की साक्षीदाराने सांगितलेली हकिकत आणि पुन्हा न्यायालय. पिंजऱ्यात निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे. फिरणाऱ्या मंचावर तोच नट कधी दिवाकर दातार, कधी दिवाण कॅप्टन अशोक परांजपे, कधी दाजीशास्त्री दातार, कधी राधेश्याम महाराज.

आता गोम पाहा. वेषांतराच्या इतर नाटकांत नटाला लपायचं असतं. इथे ती सोयच नाही. हे सगळे एकच आहेत, हा तर फिर्यादी पक्षाचा दावा आणि प्रेक्षकाला तो पहिल्यापासून पटलेला. म्हणजे नटाने प्रत्येक माणूस निराळा उभा करायचा आणि त्याच वेळी आतला भामटा एकच आहे हेही दिसू द्यायचं. निराळेपणा फार झाला तर खटला कोसळतो. सारखेपणा फार झाला तर या भामट्याने फसवलेल्या बायका मूर्ख ठरतात आणि नाटकातलं दुःखच निघून जातं. पंत या तारेवरून अडीच हजारांहून अधिक प्रयोग चालले.

ते कसं, हे ध्वनिचित्रफितीत अजूनही बघता येतं. लखोबाकडे नीट लक्ष द्यावं. सीमाभागातला कानडी हेल आहे, पण तो हशासाठी ठेवलेला नाही. साक्षीदार अडचणीचं बोलू लागला की लखोबाची गरिबी वाढते. हात जोडले जातात, आवाजात अजिजी येते. उलटतपासणीत मात्र त्याचा प्रश्न एकदम नेमका पडतो आणि क्षणभर या अडाण्याच्या आत कायदा कोळून प्यायलेला माणूस दिसतो. दिसतो न दिसतो तोच पुन्हा हात जोडलेले. मला पाच वेषांपेक्षा हा क्षण मोठा वाटतो, कारण तिथे रंगपेटी काही कामाची नसते.

दाजीशास्त्र्यांच्या तोंडची वाणी पंतांनी बाहेरून आणलेली नव्हती. वेदशास्त्रसंपन्न घरात ते वाढले होते. नाटकाच्या वेडापायी त्या घराबाहेर पडले आणि रांगणेकरांच्या नाट्यनिकेतनमध्ये पडेल ते काम करत शिकले. पुढे हेच नाटक त्यांनी कानडीतही केलं. भाषेवर स्वार होण्याची ही हिंमत नुसत्या पाठांतराने येत नाही.

लखोबाच्या गाजावाजात त्यांच्या बाकीच्या कामाची आबाळ झाली, ही माझी जुनी तक्रार. ‘अश्रूंची झाली फुले’ घ्या. १९६६ सालचं वसंत कानेटकरांचं नाटक, संस्था पंतांची स्वतःची नाट्यसंपदा. मालकाने ठरवलं असतं तर टाळ्यांची भूमिका घरात ठेवता आली असती. ती लाल्याची भूमिका काशिनाथ घाणेकरांनी केली आणि पंत प्राध्यापक विद्यानंद झाले. लाल्या पेटतो तो विद्यानंदांच्या सज्जनपणावर. समोरचा माणूस खराखुरा भला वाटला नाही, तर लाल्याचं उसळणं नुसता थयथयाट होईल. शिवाय हा भला माणूस पुढे मोडून सुडाकडे वळतो. ती मोडतोड पंतांनी हळूहळू घडवली. घाणेकरांच्या शिट्ट्यांच्या कल्लोळात ती ऐकू आली नाही, इतकंच. दुसऱ्याच वर्षी ‘कट्यार काळजात घुसली’ उभं करताना वसंतराव देशपांड्यांचे खाँसाहेब त्यांनी रंगभूमीला दिले, तेही टाळ्यांची भूमिका दुसऱ्याला देण्याच्या याच वृत्तीतून.

१९६८च्या ‘इथे ओशाळला मृत्यू’मध्ये औरंगजेब. मराठी रंगमंचावर ही भूमिका म्हणजे दात-ओठ खाण्याचं आयतं निमंत्रण. पंतांचा औरंगजेब आवाज क्वचितच चढवतो. म्हातारा, धर्मनिष्ठ, संशयी, मुलुख जिंकूनही रिता. संभाजीच्या धैर्यापुढे तो हरतो, ते आपल्याला त्याच्याच चेहऱ्यावर वाचावं लागतं. खलनायकाला माणूस केल्यामुळे राजाचं मोठेपण वाढलं, ही गोष्ट आजच्या ऐतिहासिक नाटकांच्या निर्मात्यांनी जरूर बघावी.

आणि अनिल बर्व्यांच्या ‘थँक यू मिस्टर ग्लाड’मधला जेलर. माझ्या मते ही त्यांची सर्वांत कमी मोल झालेली भूमिका. फाशीची शिक्षा झालेला नक्षलवादी वीरभूषण पटनाईक आणि शिस्तीने दगड झालेला हा साहेब. लखोबात पंतांना पाच माणसं होती, इथे एकच, अंगावर एकच गणवेष, पळवाट नाही. कैद्याला हिणवणारा ग्लाड त्याचा मान राखू लागतो, हे अंतर वेष न बदलता चालायचं. एखाद्या दृश्यात तो बदलला असं बोट ठेवून सांगता येत नाही. कडक उच्चार तेच, ताठ पाठ तीच, फक्त हुकूम देण्याआधीचा विराम लांबत जातो.

१३ जानेवारी २०११ रोजी पंत गेले. लखोबा त्यांच्यानंतरही उभा राहतो आहे आणि ते चांगलंच आहे. वसई-विरारच्या हौशी मंडळींपैकी कुणाला पंतांच्या वाटेने जायचं असेल, तर त्यांनी लखोबाच्या आधी ग्लाड हातात घ्यावा. माणसं कमी लागतात, फिरता मंच लागत नाही आणि नटाला लपायला जागा उरत नाही.